पाठवणीचं गाणं, परक्या ढोलावर

दुसरी ओळ तोंडातून गेली आणि मला कळलं, मी पाठवणीचं गाणं धरलंय. समोर अंथरुणावर माझी धाकटी जाऊ, चार दिवसांची बाळंतीण. डोळे सताड उघडे, पापणी हलत नव्हती. आमच्या गावात हे गाणं नवरी होडीत पाय ठेवते तेव्हाच म्हणतात. आजाऱ्यापुढे नाही. ते म्हटलं की घरातून कुणीतरी जातंच.

मी थांबले. ढोल थांबला नाही.

"गाओ!" शेजारीण ओरडली. "बीच में छोड़ा तो ये उधर रह जाएगी."

कुवेतच्या हवल्लीत तिची आमची भिंत एक. तिची आजी झांजिबारची. नवरा गलबतावर मुंबईला जायचा, म्हणून मोडकंतोडकं हिंदी यायचं. डॉक्टर सुई देऊन, वाट बघा सांगून गेला होता. दोन दिवस झाले, जाऊ पाणी गिळेना. तेव्हा ही तीन बायका आणि ढोल घेऊन आली. त्यांची रीत अशी की एकेका मुलखाची चाल वाजवायची. ज्या चालीला आजारी बाई हलेल, त्या मुलखाचं वारं तिच्यात आहे. आफ्रिकेची वाजवली, बसऱ्याची वाजवली, इराणच्या किनाऱ्याची वाजवली. काही नाही. बाहेर धुळीचं वादळ होतं. भर दुपारी खोली पिवळी पडली होती.

"मर्दों को मालूम पड़ा तो पहली बोट से वापस भेजेंगे," मी म्हणाले होते.

"मर्द तो काम पे है. तुम डरपोक है. तुम्हारावाला गाओ, हिंदी."

हिंदी! गावात खाडीपलीकडच्या बायकांचं गाणं आम्ही आमचं मानत नव्हतो, त्यांच्यात मुलगी देत नव्हतो. इथे हिंदुस्थानातून आलेल्या सगळ्या या एकाच नावाच्या. घाबरल्यावर जिभेवर येतं ते येतं. मला पाठवणीचं आलं.

मी पुढे गायले. त्यांचा ढोल जड, चालीला मागे ओढणारा. मग जाऊ गाऊ लागली. आवाज तिचा नव्हता, कुणा म्हातारीचा होता. माझं गाणं संपलं तरी तिचं संपेना. ती कडवी मी कधी ऐकली नव्हती. मग ती उठून बसली, पाळण्याकडे बघत राहिली आणि आपल्या आवाजात म्हणाली, "भाभी, पाणी दे गो."

शेजारीण हसली. "देखा? हिंदीवाला था."

पुढे हवल्लीतल्या लग्नांत ती चाल वाजायची, शब्द अरबी घालून. आमच्या पोरी तसंच म्हणू लागल्या आणि गावाहून आलेल्या बायकांना सांगू लागल्या, कोकणातलं खरं गाणं हेच. मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला त्यावरून कुणी भांडलं नाही. त्या गाण्यावरून बायका भांडल्या.

जाऊ मात्र चाल सुरू झाली की भरलं ताट टाकून उठायची. एकदाच तिने विचारलं, "भाभी, ते तू कुणासाठी म्हटलंस गो?"

"तुझ्यासाठी."

खोटं नव्हतं. तिचं बाळ त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी असरच्या अजानीआधी गेलं. जाऊ जगली.