हप्त्यातले बोंबील

वय झाल्यावर वडिलांनी होडी विकली आणि आलेले सगळे पैसे माझ्या धाकट्या बहिणीला देऊन टाकले. तिच्या नवऱ्याच्या होडीला नवे इंजिन हवे होते. विकलेली होडी आजोबांपासूनची, तिच्यात माझाही हिस्सा, असे माझ्या मनाने घेतले आणि मी डहाणूच्या कोर्टात दावा लावला: ते पैसे बक्षीस नव्हते, उसने होते, परत यावेत. प्रतिवादी दोन, बहीण आणि वडील. वडील माझ्याच घरी राहत असल्यामुळे तारखेला आम्ही एकाच रिक्षाने जात असू. भाडे तेच देत आणि मी देऊ देत असे.

पैसे उसने असल्याचा पुरावा माझ्या वकिलांनी शोधून काढला. बहीण दर आठवड्याला आमच्याकडे मासळी पाठवायची. "हे हप्तेच झाले," वकील म्हणाले. मी मान डोलावली. युक्तिवाद मला सुबक वाटला होता, हे आठवले की आजही मान खाली जाते.

उलटतपासणीत तिच्या वकिलांनी मला विचारले, "हे हप्ते खाल्ले कोणी?"

"घरातल्यांनी."

"त्यात आपण येता?"

"येतो."

"कालवणात की तळून?"

हा प्रश्न न्यायाधीशांनी गाळायला लावला.

त्या दिवसापासून मासळी बंद झाली. आता एक मांदेली जरी पाठवली तरी कर्ज कबूल केल्यासारखे होईल, असे तिच्या वकिलांनी तिला बजावले होते. मासळीबरोबर तिचे येणेही थांबले. वडील वरणभात निमूट गिळत आणि दाराकडे बघत.

एका सकाळी ते मला म्हणाले, "विकत घ्यायला तरी हरकत नाही ना? विचार तुझ्या वकिलाला."

मी फोन केला. बाजारभावाने, रोखीत घेतल्यास हरकत नव्हती.

बाजारात बहीण पाटी मांडून बसली होती.

"कसे दिले बोंबील?" वडिलांनी परक्यासारखे विचारले.

"दोनशेला वाटा."

"लुटतेस काय गं?"

"डिझेल काय फुकट येतं, बाबा? घ्यायचे तर घ्या."

दोघांनी मनसोक्त घासाघीस केली. कित्येक महिन्यांत ती दोघे एवढे बोलली नव्हती. वडिलांनी पैसे देऊन पिशवी पुढे धरली. वाट्यावर दोन बोंबील जास्तीचे टाकायची आमच्याकडे रीत आहे. आधीच्या गुजराती बाईंना तिने ते टाकलेही होते. वडिलांच्या पिशवीशी मात्र तिचा हात थबकला.

"दादा," ती मला म्हणाली, "हे दोन कशात धरशील? मुद्दलात की व्याजात?"

वडील पिशवी उघडी धरून उभेच होते.

"टाक," मी म्हणालो.

"तोंडी नको. लिहून आण."

ती थट्टा करत नव्हती. वडिलांना तिच्या शेजारी बसवून मी वकिलांकडे गेलो. दावा मागे घेण्याच्या अर्जावर सही करत असताना वकील खिन्नपणे म्हणाले, "मुद्दा भक्कम होता हो आपला."

अर्जाची प्रत घेऊन परतलो तेव्हा वडील तिच्या गिऱ्हाइकांना भाव सांगत होते, तिच्यापेक्षा चढा. तिने प्रत सावकाश वाचली.

"संध्याकाळी येते," ती म्हणाली. "बाबांकडे."