मारल्याशिवाय आत नाही

खिडकीत बसून भाजी निवडणाऱ्या बाईला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपणहून अंगणात येऊन बसतात. त्यातून कानडी मुलखातलं आमचं चामराजपेटचं वठार! एक अंगण, एक नळ, भोवती चार घरं. इकडे कुणी शिंकलं की पलीकडचा माणूस बामची बाटली काढतो. मी शाळेत फारशी टिकले नाही, पण शेजारच्या घरात काय चाललंय या विषयात कधी नापास झाले नाही!

सुट्टी लागली की आमच्यातल्या तरुण आया मला विचारतात, "काकू, पोरांना घरात कसं रमवायचं हो?" मी खेळ सांगायला घेते आणि खेळांच्या मागून हे किस्से येतात. सगळे एकाच दसऱ्याच्या सुट्टीतले. सुरुवात मी हसत करते. शेवटाला आलं की चहा ठेवायला उठते.

*

त्या वर्षी समोरच्या घरात पुण्याचं बिऱ्हाड होतं. श्रीकांत कॉम्प्युटर कंपनीत, बायको मेधा आणि आठ वर्षांची केतकी. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मेधा हॉस्पिटलमधून घरी आली. ऑटोतून उतरली तेव्हा डोक्याला सुती रुमाल, रुमालाखाली केस नाहीत, आणि हाताच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकलेल्या.

नळावर मी श्रीकांतला विचारलंच. विचारणार नाही तर मी कसली! बादली भरून वाहायला लागली तरी तो बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा."

केतकी आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तिनं आत बघितलं आणि मागं फिरली. त्या दिवसापासून तिनं उंबरा ओलांडला नाही. मेधा हाक मारायची, "केतू, ये ना गं." ही म्हणायची, "आले हं!" आणि यायची माझ्याकडे!

मी तिला जवळ घेऊन विचारलं तर हळूच म्हणाली, "ती आईसारखी दिसत नाही. आणि मी हात लावला आणि तिला दुखलं तर?"

मेधाचं मागणं एवढंच होतं. मी पेज घेऊन गेले की म्हणायची, "काकू, एकदा जवळ येऊन बसली ना, की बस झालं."

*

मेधाची खिडकी अंगणात उघडायची. म्हणून क्रिकेट बंद, लगोरी बंद, आणि वठारातली सगळी पोरं माझ्या हॉलमध्ये! नियम एकच, ओरडायचं नाही.

पहिल्या दिवशी भेंड्या लावल्या. कुजबुजत भेंड्या कधी ऐकल्यात का? गालिच्यावर बसून सगळे ओठ हलवतायत, 'म' आला की 'म' आला असं एकमेकांच्या कानात सांगतायत. माझे थोरले दीर, अण्णा, ताल धरायचा म्हणून उशीवर बोटं आपटत होते!

थोड्या वेळानं समोरच्या खिडकीतून बारीक आवाज आला, "काकू, आजारी मी आहे ना? मग तुम्ही का असं मेल्यासारखं गाताय?"

पोरं खिदळली. मी हसले, आणि भांडी घासायला घेतली. भांडी घासलेलीच होती.

*

अण्णांबद्दल सांगायला हवं. कोर्टात शिरस्तेदार होते. रिटायर झाले तरी नियम काही सुटला नाही. आमच्या घरात आंघोळीचे नंबरसुद्धा अण्णा पुकारायचे!

त्यांनी पोरांना चौकाबारा शिकवला. पाटाच्या पाठीवर खडूनं पाच बाय पाच चौकोन आखायचे, चार कवड्या टाकायच्या, सोंगट्या बाहेरून फिरवत फिरवत मधल्या घरात न्यायच्या. सोंगट्या ज्याच्या त्यानं आणायच्या. अण्णांच्या कॉफीच्या बिया, केतकीचे चिंचोके, माझी शर्टाची बटणं. कोपऱ्यावरच्या घरातल्या गिरीशनं आणले भाजलेले शेंगदाणे.

गिरीश जिंकायला आला, कवड्या हव्या तशा पडल्या, आणि पटावर त्याची सोंगटीच नाही!

"कुठाय रे?" अण्णांनी विचारलं.

गिरीशनं गिळलं. "घरी पोचली, अण्णा."

*

खरी जुंपायची ती केतकीची आणि अण्णांची. आमच्याकडे नियम असा, की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय तुमची सोंगटी आतल्या घरांत जात नाही. नुसती बाहेरून चकरा मारत राहते.

केतकी कुणालाच मारायची नाही. समोर आयती सोंगटी असली तरी दुसरीच चालायची. आणि आत जायची वेळ आली की म्हणायची, "आमच्या पुण्यात न मारता जाता येतं!"

"हे पुणं नाही. चामराजपेट आहे. मारल्याशिवाय आत नाही."

"आमच्या पुण्यात चालतं!"

"मग बसनं पुण्याला जा, तिथं चाल!"

मी म्हटलं, "अण्णा, लहान आहे. स्वल्प सोडा की."

तर मलाच म्हणाले, "लीला, आज एकीला सोडलं की उद्या सगळे अपिलात येतील!"

चिंचोके बिचारे दिवसभर पटाला प्रदक्षिणा घालायचे.

*

एकदा सकाळी श्रीकांत ऑफिसला निघाला. बाहेर ऑटो उभी. हा दारात आला आणि केतकी ओरडली, "स्टॅच्यू!"

तो थांबला. एक पाय पायरीवर, एक खाली, हातात बॅग. ही 'ओव्हर' म्हणेपर्यंत हलायचं नाही, खेळच तसा. पण केतकी 'ओव्हर' म्हणेचना!

"केतू, बाबांना उशीर होतोय," मी म्हटलं.

"स्टॅच्यूला कुठे जाता येत नाही," ती म्हणाली. "कुणालाच."

श्रीकांतनं डोळेसुद्धा पुसले नाहीत. स्टॅच्यूला हात हलवता येत नाही ना!

ऑटोवाला आत डोकावला. आधी बापाकडे बघितलं, मग पोरीकडे. मला म्हणाला, "अक्का, स्टॅच्यूला वेटिंग चार्ज पडतो बरं का!"

त्या दिवशी श्रीकांत ऑफिसला गेला नाही. ऑटोवाल्यानं मीटर बंद केलं आणि वेटिंग न घेताच गेला.

*

सुट्टी संपत आली तसं मेधाला उठून बसणंही जड जायला लागलं. घरी सांभाळणं जमेना, म्हणून सोमवारी पुन्हा हॉस्पिटलमध्ये न्यायचं ठरलं. रविवारी तिनं निरोप पाठवला, "चौकाबारा आज माझ्याकडे."

पाट कुठं ठेवायचा? केतकी उंबऱ्याच्या आत येत नव्हती, मेधाला बाहेर येता येत नव्हतं. शेवटी उंबऱ्याला लागून आतल्या बाजूला पाट टाकला. आत गादीवर उशांना टेकून मेधा. पाटाच्या दोन बाजूंना अण्णा आणि मी. बाहेर पॅसेजमध्ये केतकी, आणि तिच्यामागे भिंतीला टेकून श्रीकांत.

मेधानं सोंगट्या म्हणून हिरव्या बांगडीचे तुकडे घेतले. "आता हातात राहत नाहीत," म्हणाली.

खेळ रंगला. कवड्या टाकताना मेधाला दम लागायचा, मग अण्णा मुद्दाम खोकत बसायचे आणि तिला वेळ मिळायचा. केतकीचे चिंचोके एकेक करून मारले गेले. ते पुन्हा पटावर यायला दान पडेना. पटावर उरला एक, आणि तो बाहेरच्या चकरा मारत होता.

केतकीनं कवड्या टाकल्या. दोन पडले. दोन घरं पुढं मेधाची हिरवी सोंगटी.

"मार!" मेधा म्हणाली. "मार आणि आत ये."

केतकीनं मान हलवली.

"एकच सोंगटी आहे, चालावंच लागतं," अण्णा म्हणाले.

"मी आईला मारणार नाही."

"अगं, खेळ आहे, राणी," मेधा म्हणाली.

"नाही म्हणजे नाही! मी बाहेरच फिरेन."

मेधानं डोळे मिटले. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग पटाकडे बघतच विचारलं, "श्रीकांत, तुमच्या पुण्यात काय नियम आहे?"

श्रीकांत भिंतीपासून पुढे झाला. "न मारता आत जाता येतं, अण्णा."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले.

केतकीनं त्यांच्याकडे बघितलं. मग चिंचोका मुठीत धरला, उभी राहिली, पाटावरून पाय टाकून आत गेली आणि आईच्या कुशीत शिरली.

मेधानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं वेडे," ती म्हणाली, "सोंगटीनं जायचं असतं आत!"

"चालतं," अण्णा म्हणाले. "पुण्यात चालतं."