तेवीस तोंडांचं प्रवाळ

अक्काच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला आणि तिला तातडीने नाशिकला न्यायचं ठरलं, तेव्हा तिने मला जळगावहून बोलावून घेतलं. मला वाटलं, दवाखान्यात सोबतीला हवा असेन. धुळ्याला तिच्या घरात पाऊल टाकलं, तर म्हणाली, "सोबतीला पोरगी आहे माझी. तू इथेच राहा. प्रवाळ सांभाळ."

अक्का माझी सख्खी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव असोदा. केळीच्या बागेत वाढलेली ही बाई धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत राहिली, आणि निवृत्त झाल्यावर तिने बैठकीच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची टाकी मांडली. मीठ मोजून कालवलेलं पाणी, ते थंड ठेवणारं यंत्र, दोन नारिंगी मासे, एक कोळंबी. आणि मधोमध ते प्रवाळ. एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेला तुकडा तिने आणला होता, तो आता दोन मुठींएवढा झाला होता.

त्याच्यावर बोटाच्या पेराएवढ्या तेवीस नळ्या होत्या. प्रत्येक नळीत एक जीव. मिटलेला असला की नुसता शेंदरी गोळा दिसायचा, उघडला की पिवळेजर्द हात बाहेर यायचे आणि मधे तोंड दिसायचं. बाकीची बरीच प्रवाळं उजेडावर जगतात, याला उजेडाचा काही उपयोग नाही. याला भरवावं लागतं, आणि तेही प्रत्येक तोंडाला वेगळं.

जायच्या आदल्या दिवशी अक्काने मला समोर बसवून शिकवलं. संध्याकाळी सहा वाजता बारीक गोठवलेली कोळंबी वाटीत विरघळवायची. तिचं थोडं पाणी आधी टाकीत सोडायचं. त्या वासाने ते अर्ध्या तासात उघडतं. मग वर अर्धी कापलेली बाटली उपडी घालायची, नाहीतर टाकीतली कोळंबी येऊन तोंडातला घास काढून नेते. बाटलीच्या तोंडातून लांब पिचकारी घालून एकेका तोंडावर एकेक तुकडा ठेवायचा.

"किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"घाई केलीस तर जास्त," ती म्हणाली.

पहिले चार दिवस नीट गेले. ऑपरेशनही झालं. डॉक्टरांनी अक्काला पंधरा दिवस पालथं झोपायला सांगितलं होतं, बसली तरी मान खाली. डोळ्यावर ताण नको, मनावरही नको, असं भाचीने मला बजावलं. रोज सात वाजता ती अक्काच्या कानाला फोन लावायची. अक्काचा आवाज उशीत दबलेला यायचा.

"किती उघडली?"

"तेवीस."

"बरं." एवढंच बोलणं व्हायचं.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला लाइट गेली. गल्लीच्या टोकाचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. मे महिना, बाहेर चव्वेचाळीस. घरातला इन्व्हर्टर पंखा आणि पाण्याचा पंप ओढत होता, थंड करणारं यंत्र त्याला झेपत नव्हतं. टाकीतल्या तापमापकाचा आकडा सव्वीसवर असायला हवा होता. बारा वाजता अठ्ठावीस झाला. एकच्या सुमाराला बॅटरी उतरली आणि पंपही थांबला. घरात एकदम शांतता झाली, तेव्हा कळलं की तो आवाज माझ्या कानात किती बसला होता.

मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. मी मगाने पाणी उपसून वरून परत ओतू लागलो, म्हणजे हवा मिसळेल. आकडा तीस. माझा सदरा पाठीला चिकटला होता. वीज कंपनीचा फोन लागत नव्हता. प्रवाळ घट्ट मिटलं होतं आणि त्याच्यावर बुळबुळीत चिकट थर आला होता.

शेजारच्या म्हाताऱ्या बाई दारात आल्या. "काय व्हयनं, भाऊ?"

मी सांगितलं.

"बरफ शे मन्हा फ्रीजमा. बठ्ठा लई जा."

त्यांनी होत्या तेवढ्या सगळ्या बर्फाच्या पिशव्या पदरात घालून आणून दिल्या. अक्काने सांगितलं होतं, कधी वेळ आलीच तर एक पिशवी सोडायची, वीस मिनिटं थांबायचं, मग दुसरी. ते मला आठवत होतं. पण तेव्हा आकडा साडेएकतीस झाला होता आणि माझे हात थांबायला तयार नव्हते. मी सगळ्या पिशव्या एकदम सोडल्या.

पाव तासात पाणी चोवीसवर आलं. आधी उकाडा, मग हा गारठा. मी पिशव्या भराभर काढल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पाचला लाइट आली. मासे जगले. सहाला मी वाटीतलं पाणी सोडलं आणि खुर्ची ओढून बसलो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. एकही तोंड उघडलं नाही.

सातला फोन आला.

"किती उघडली?"

"तेवीस," मी म्हणालो.

तिच्या डोळ्यासाठी खोटं बोललो, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. बर्फाचं सांगायची मला लाज वाटत होती. अडुसष्ट वर्षांचा माणूस मी, आणि अजूनही अक्का रागावेल याची भीती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी मात्र तेवीस म्हणत राहिलो. अक्काला दिसत नाही म्हणून ती एरवीपेक्षा जास्तच विचारू लागली. कडेची छोटी तीन खातात का? कोळंबी त्रास देते का? मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होतो, आणि काल काय सांगितलं ते लक्षात ठेवत होतो.

चौथ्या सकाळी भिंग घेऊन पाहिलं. कडेच्या दोन नळ्यांचं मांस मागे सरकलं होतं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसत होता. तिसरी नळीही त्याच वाटेवर होती. काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. ज्या एका माणसाला ठाऊक होतं, तिलाच मी तीन दिवस फसवत होतो.

मी सातची वाट पाहिली नाही. सकाळीच फोन लावला. भाची म्हणाली, "मामा, आत्ता? ती नुकती आडवी झालीये."

"कानाला लाव तिच्या," मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं. लाइट, बर्फ, आणि रोजचे तेवीस.

"तीन दिवस?" ती म्हणाली.

"हो."

"मला दिसत नाही म्हणून?"

"तुझ्या डोळ्याला ताण नको म्हणून," मी कसंबसं म्हटलं.

"डोळा माझा आहे. त्याला काय सोसेल ते मी ठरवीन." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "फोन चालू ठेव. मीठ कालवलेलं पाणी आहे ना तयार? दोन बादल्या बदल. मी इथेच आहे."

त्या सकाळी ती पालथी पडून, उशीत तोंड खुपसून मला एकेक गोष्ट सांगत होती. पाणी बदल. पिचकारीने फुंकर घालून तो चिकट थर उडव, पण लांबून. बाटली उपडी घाल. आता वाटीतलं पाणी आत सोड, अगदी थोडं. दिवा बंद कर. आता काही करू नकोस.

"किती वेळ?"

"कळेल."

फोन चालूच राहिला. कोणीतरी तिकडे ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज आला. तासाभराने मधल्या एका नळीतून पिवळी टोकं जराशी बाहेर आली. मी डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं.

"एक," मी म्हणालो.

"खात्रीने?"

"खात्रीने. अर्धंच आहे. पण आहे."

"मग लहान तुकडा दे. अगदी लहान."

पुढचे दिवस मी दिवसातून दोनदा बसायचो आणि फोनवर जे असेल ते सांगायचो. आज दोन. आज पाच, पण कालच्यातलं एक मिटलेलंच. ती कौतुक करत नव्हती, रागवतही नव्हती, फक्त पुढचं सांगायची. शेवटी सोळा तोंडं उरली. सात नळ्या पांढऱ्या पडल्या त्या पडल्याच.

पाच आठवड्यांनी अक्का घरी आली. उजव्या डोळ्याने तिला आता कडा तेवढ्या दिसतात, मधे धूसर. टाकीसमोर ती मान तिरकी करून बराच वेळ उभी राहिली. संध्याकाळी तिने पिचकारी स्वतः हातात घेतली. पहिले दोन तुकडे बाजूला पडले आणि कोळंबीने पळवले. मी पुढे झालो तर म्हणाली, "बस तिथेच."

मी दुसऱ्या दिवशीच्या बसने जळगावला आलो. पुढे दोन महिने तिने स्वतःहून फोन केला नाही. मी करायचो, तेव्हा कामापुरतं बोलायची. आता पुन्हा करते, रविवारी, पूर्वीसारखाच. जेवलास का, गुडघा कसा आहे, गोळ्या घेतोस का, हे सगळं विचारते. फक्त प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी आता दोन शब्द जास्त असतात.

"खरं सांग."