आमचे राष्ट्राध्यक्ष

मंगळवारी मंजिरीची नागरिकत्वाची परीक्षा आहे. परदेशातल्या आपल्या स्वयंपाकघरात ती भेंडी चिरत होती आणि मी, तिचा बाप व निवृत्त मराठी शिक्षक, समोर बसून पुस्तिकेतील प्रश्न विचारत होतो.

“सैन्याचा सरसेनापती कोण?”

“आमचे राष्ट्राध्यक्ष,” ती सहज म्हणाली. “पुढचा विचारा, बाबा. आणि वर्गातल्यासारखे डोळे वटारू नका हं!”

मी डोळे वटारले नव्हते. पुस्तिकेवर बोट ठेवून मी नुसताच थांबलो होतो.

‘आपण’ म्हणताना ऐकणारा आत असतो, ‘आम्ही’ म्हणताना तो बाहेर राहतो. हा भेद मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून समजावला आहे. कित्येक भाषांना दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. मराठीने मात्र दाराला कडी ठेवली, आणि आज माझ्या मुलीने ती नकळत आतून लावली.

अर्ज, शपथ, नवा पासपोर्ट, हे सारे मला ठाऊक होते. त्यातल्या कशानेही मी हललो नव्हतो. एका सर्वनामाने मात्र हललो. त्याहून मोठा धक्का असा, की तिचे व्याकरण निर्दोष होते. ती ‘आपले राष्ट्राध्यक्ष’ म्हणाली असती, तर मीच तिला अडवून म्हटले असते, “तुझे असतील, माझे नव्हेत.”

“चुकलं का काही?” तिने सुरी थांबवून विचारले.

“नाही. पण पुन्हा एकदा म्हण.”

तिने पुन्हा म्हटले. मी तिला लहानपणी शिकवले होते तसे, एकेक अक्षर सुटे आणि स्वच्छ.