तिच्यापेक्षा अडीच किलो जास्त

"तू केवी?" हेतलबेनने विचारलं.

बडोद्यात या प्रश्नाचा अर्थ एकच. जात कोणती.

माझ्या हातात वजनं भरलेला लोखंडी बार होता. सुभानपुऱ्यातल्या त्या जिममध्ये मी साफसफाईला होते. फरशी पुसायची, आरसे पुसायचे, लोकांनी इकडेतिकडे टाकलेल्या वजनाच्या प्लेटा जागेवर लावायच्या. त्या दुपारी एक बार तसाच भरलेला पडला होता. प्लेटा काढण्याआधी वाटलं, उचलून बघू. वाकले. उचलला गेला. सरळ उभी राहिले आणि आरशात स्वतःकडे बघितलं. एवढाच गुन्हा.

हेतलबेन मालकाची बायको. ती डेडलिफ्टच्या, म्हणजे जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहायच्या, स्पर्धेची तयारी करत होती. बार तिने भरलेला होता. तिला तो उचलता आला नव्हता, हे मला नंतर कळलं.

मी बार खाली ठेवला आणि आडनाव सांगितलं. तिला तेवढं पुरलं.

"पूस तो," ती म्हणाली. "आम्हाला हात लावायचाय त्याला."

मी पुसला. सॅनिटायझर मारून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागे लोक होते. कुणी पाणी पीत होतं, कुणी मोबाइल बघत होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

पुसून झालं तशी तिने बोट दाखवलं. "फरीथी." म्हणजे पुन्हा.

पुन्हा. माझी आई लोकांची भांडी पुन्हा घासत आली. बाप रेल्वेत, साहेब म्हणेल तेव्हा पुन्हा गटारात उतरत आला. जळगावकडून इथे आलो ते यासाठीच जणू. मी कपडा तिच्या पायाशी टाकला.

"नाही पुसणार."

आवाज फाटला. पण निघाला. तशीच बाहेर पडले.

घरी आई म्हणाली, "उद्या जा आणि माफी माग. आपण काय भांडायला आलोय इथं?"

"माफी नाही मागणार. तिला हरवणार."

आईला वाटलं, मी मारामारीचं बोलतेय. ती रडायला लागली. मला तिची दया आली नाही. रागच आला.

छाणीला एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. शेजारी पत्र्याची शेड होती. तिथे रेश्माताई मुलींना वजन उचलायला शिकवायची. एके काळी ती रेल्वेकडून खेळलेली. गोड बोलणं तिला माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी मी बारला हिसका मारला आणि कंबरेत कळ गेली.

"कुणावर चिडलीयस?"

"एका बाईवर."

"ती बारमध्ये बसलेली नाही. असा हिसका मारशील तर कंबर तुझी जाईल. तिचं काय जातंय?"

मग तिने मला पहिल्यापासून शिकवलं. बार नडगीला चिकटून हवा. आधी हात ताणायचे. बारमधला ढिलेपणा निघाला की बारीक टक आवाज येतो. पोटात श्वास भरायचा. मग ओढायचं नाही, पायांनी जमीन दाबायची. ऐकायला सोपं. माझी पाठ ऐकेना. इतकी वर्षं फरशी पुसलेली पाठ, खाली वाकली की आपोआप गोल व्हायची. ताई पाठीवर काठी धरायची. डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली पाहिजे. सुटली की बार खाली. पुन्हा. हे पुन्हा मात्र माझं होतं.

नडग्या सोलल्या. त्यावर खपल्या धरल्या आणि त्याही सोलल्या.

राग सोड, असं ताई कधी म्हणाली नाही. "टक होईपर्यंत थांबव," म्हणायची.

हेतलबेन कुठल्या वजनगटात उतरते ते मी शोधून काढलं. माझं वजन थोडं जास्त भरत होतं. मी भात सोडला.

जिल्ह्याची स्पर्धा मांजलपूरच्या एका हॉलमध्ये होती. हेतलबेनबरोबर दोन ट्रेनर, नवा पट्टा, नवे बूट. मी समोरून गेले. तिने ओळखलं नाही. मी तिला रोज आठवत होते आणि तिला माझा चेहराही आठवत नव्हता. हे त्या कपड्यापेक्षा जास्त झोंबलं.

पहिल्याच प्रयत्नात माती खाल्ली. बार वर गेला, पण पंचाने "डाऊन" म्हणायच्या आधी मी तो खाली सोडला. तिन्ही पंचांचे दिवे लाल. प्रयत्न बाद.

"पंचाचं ऐक," ताई दात खाऊन म्हणाली. "डोक्यातल्या बाईचं नको ऐकूस."

दुसरा प्रयत्न धरला गेला. मग हेतलबेनचा शेवटचा. तिने उचलला, टाळ्या पडल्या. माझ्या शेवटच्या प्रयत्नाला मी तिच्यापेक्षा अडीच किलो जास्त मागितले.

टक. श्वास. जमीन दाबली. गुडघ्याशी बार अडकला. वर जाईना. पाठ गोल व्हायला बघत होती. होऊ दिली नाही. बार मांडीवरून खरवडत वर आला. उभी राहिले. या वेळी थांबले. पंचाचा हात खाली आला, शब्द ऐकला, मग ठेवला. तिन्ही दिवे पांढरे.

पहिली आली डभोईची एक मुलगी. मी दुसरी. हेतलबेन तिसरी.

माझं नाव पुकारल्यावर तिला आठवलं. हसत आली, खांद्यावर हात टाकला आणि फोटोवाल्याला म्हणाली, "आ तो अमारा जिमनी छोकरी छे."

मी तो हात उचलून बाजूला केला. माइकजवळ उभी होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी यांच्या जिमची नाही. यांनी माझी जात विचारून माझ्याकडून बार पुसून घेतला होता. फोटोत या नकोत."

हेतलबेनचा चेहरा उतरला. "जुनी गोष्ट आहे," ती पुटपुटली. "सोड ना."

सोडणार नाही. ते पदक बघून माझं समाधान झालेलं नाही. ती राज्य स्पर्धेला उतरणार आहे, मीही उतरणार. तिने वजनगट बदलला तर मीही बदलीन, खाऊन किंवा उपाशी राहून. ती उचलेल त्यापेक्षा जास्त मी मागेन, तिच्या डोळ्यांसमोर, प्रत्येक वेळी. खेळणं तिने सोडायचं. मी नाही.