पहिला चिकू

आज सकाळी डहाणूच्या आमच्या घरात पिकलेल्या चिकूंचा वास देवघरापर्यंत आला आणि पन्नास वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

आमची लहानगी सुमन तापाने फणफणली होती. कोसबाडच्या रोपवाटिकेतून आणलेल्या चिकूच्या कलमाला प्रथमच फुले आली होती. कोवळ्या कलमावर फळ धरू देऊ नये, म्हणून मी ती खुडत होतो. बोटे चिकाने पांढरी झाली होती. तेवढ्यात पत्नी धावत आली.

"अहो, हे काय केलंत! सुमन बरी होऊ दे, पहिला चिकू तुला वाहीन, असं देवाला बोलले होते मी."

"आधी झाड जगू दे. देव थांबेल."

"देव थांबेल हो. ताप थांबेल का?"

मी चिकट हातांनीच देवापुढे जाऊन बसलो.

तिसऱ्या दिवशी सुमनने भात मागितला. चिकू धरायला पुढे तीन वर्षे लागली. देवाने नैवेद्याची वाट पाहिली नव्हती.

आता सुमन स्वतः आजी झाली आहे. पत्नी आजही हाक मारते, "या, फुलं खुडणारे! हंगामाचं पहिलं फळ ठेवा देवापुढे."

ठेवले. हात जोडले. मागण्यासारखे काही आठवले नाही.