नंदूची गढूळ बिअर

रिकाम्या बाटल्या आणि किस्से, दोन्ही आमच्याच्यानं फेकवत नाहीत. केंब्रिजला शनिवारी दुपारी नंदूच्या गॅरेजमध्ये आम्ही तिघं-चौघं जमायचो. पाच-सहा वर्षांत दोन्हींचा ढीग झाला. बाटल्या शेवटी रिसायकलिंगला गेल्या, किस्से उरले.

नंदू हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. एका कॉन्फरन्सला म्युनिकला गेला आणि गव्हाच्या बिअरच्या प्रेमात पडून आला. ती गढूळच प्यायची असते, यीस्ट तरंगत असतं, त्यातच चव. पठ्ठ्याने ती घरी बनवायला घेतली. होमब्रू क्लबच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस, एवढी एकच इच्छा आयुष्यात उरली. अडचण अशी, की केगमध्ये, म्हणजे नळाच्या पिंपात, बिअर भरली की यीस्ट तळाला बसतं. पहिला ग्लास चिखल, पुढचे सगळे काचेसारखे.

*

पहिल्या वर्षी तो पहिला ग्लास नंदूने चव बघायला स्वतःच प्यायला. स्पर्धेचा जज ट्रेव्हर, निवृत्त पोस्टमन. त्याने पुढचा ग्लास उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "लव्हली लागर, डॉक्टर."

लागर म्हणजे नितळ, पारदर्शक बिअर; गढूळपणाचा पत्ताच नव्हता. मला खरंच त्याची दया आली, पण हसूही आवरेना.

*

दुसऱ्या वर्षी म्हणाला, "अरे, औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं ना, शेक वेल बिफोर यूज? तसंच." हॉलमध्ये पोचल्यावर केग दोन्ही हातांनी गदागदा हलवला आणि लगेच नळ उघडला.

ट्रेव्हरने चष्मा काढला, टायने पुसला. "बिट लाइव्हली, इझन्ट इट?"

*

आमच्यातले दामलेकाका म्हणजे निवृत्त सर्जन आणि "मी घेत नाही" संप्रदायाचे. त्यांनी ग्लास नुसता हुंगला. "केळं येतंय रे. लवंगही. म्हणजे शिक्रणच की."

"काका, गहू आहे. उपासाला नाही चालणार."

काकांनी बोटांवर हिशेब केला. "एकादशी कालच झाली," म्हणाले आणि ग्लास रिकामा केला.

*

तिसऱ्या वर्षी नंदूला आयसीयू आठवलं. बेडसोअर होऊ नयेत म्हणून पेशंटची कूस बदलतात, तशी तो केगची कूस बदलू लागला. सकाळी उलटा, संध्याकाळी सुलटा. गॅरेजच्या दारावर चार्ट, त्यावर सह्या.

वैशाली, त्याची बायको, चार्ट वाचून म्हणाली, "मुलगी तान्ही होती तेव्हा कुठे गेला होतास रे?"

पण बिअर मात्र फर्स्टक्लास गढूळ झाली. ग्लास टेबलावर ठेवून नंदू ट्रेव्हरला बोलवायला गेला. क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी तेवढ्यात तो पाहिला, "ओ डिअर, गॉन ऑफ" म्हणून सिंकमध्ये ओतला आणि वर ग्लास धुऊनही ठेवला.

*

चौथ्या वर्षी साताऱ्याहून नंदूची आई आली होती. पिंपात काय आहे म्हणून विचारलं, तर नंदूने "गव्हाचं सरबत" सांगितलं. स्पर्धेच्या आठवड्यात तो ऑन-कॉल, म्हणून कूस बदलायचं काम तिच्यावर सोपवलं. ती माउली रोज चार्टवर सही करत होती.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आमच्यासमोर नंदूने नळ उघडला. ग्लास असा स्वच्छ, की पलीकडचं लॉनमोअर दिसत होतं. पहिला ग्लास, दुसरा, तिसरा, सगळे तसेच.

"आई, काय केलंस?"

"अरे, केवढा गढूळपणा होता. पाहुण्यांना असलं देतात का? झाकण काढून तुरटी फिरवली. खाली बसलेला गाळ नळातून काढून टाकला, आणि मग पिंप हलवलं नाही हो मी."

नंदूने स्पर्धेचा फॉर्म काढला. त्यावरचं 'व्हीट बिअर' खोडलं, 'पेल एल', म्हणजे स्वच्छ बिअरचा एक प्रकार, लिहिलं आणि गाडीत बसला.

ट्रेव्हरने ग्लास उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. एक घोट घेतला, तुरटलेली जीभ टाळूला लावून बघितली, आणखी एक घेतला. मग पहिल्या बक्षिसाचा कप नंदूच्या हातात देत हळूच विचारलं, "ड्रायेस्ट फिनिश आय हॅव एव्हर हॅड, डॉक्टर. व्हॉट डू यू क्लिअर इट विथ?"

"माय मदर," नंदू म्हणाला.

ट्रेव्हरने खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं.